हंड्यापाशी कोण बसणार

ग्रीन बे, १४ सप्टेंबर

प्रिय पामर,

फोनच केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि आर्लिससारखं ओरडायला माझ्याकडे गळा नाही. म्हणून पत्र. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. ती तसंच करायची.

मुद्द्याचं लिहितो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शिकागोवाले येतायत. आपल्या घरच्या मैदानावरचा हंगामातला शेवटचा फुटबॉल सामना. तू दरवर्षी त्याच सामन्याला येतोस, तसाच यंदाही यायचं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात आर्लिस मला म्हणाली, "ऑक्टेव्ह, काही झालं तरी पामरला त्या सामन्याला बोलव. वर्षातून तेवढा एकच दिवस माझा भाऊ माणसांत येतो." मी तिला शब्द दिलाय. म्हणून बोलावतोय. ये.

तयारीचं सगळं आता माझ्या डोक्यावर आलंय. इतकी वर्षं मला वाटायचं की मीच सगळं करतो. मी फक्त उचलाउचल करत होतो, हे आता कळतंय. ताडपत्रीचे खुंटे कुठे ठेवलेत, बुयाचा रस्सा शिजवायचा मोठा हंडा कुणाला दिलाय, काही पत्ता नाही. हंडा शेवटी चर्चच्या स्वयंपाकघरात सापडला. त्यात पाद्रीबाबांनी बटाटे भरून ठेवले होते.

सामन्याच्या दिवशीच्या जेवणाची जागा पक्की आहे. जॅडिन बाईंचं अंगण, स्टेडियमपासून दोन गल्ल्या, मेपलच्या झाडाखालचा तोच कोपरा. बाई म्हणाल्या, "या खुशाल, पण राख माझ्या गुलाबांच्या वाफ्यात ओतू नका. मागच्या वर्षी कुणी ओतली ते मला माहीत आहे." तूच ओतली होतीस. मी काही बोललो नाही.

तिकिटं दोनच आहेत, तुला ठाऊकच आहे. आर्लिस त्या सामन्याला स्वतःचं तिकीट तुला द्यायची आणि बाहेर हंड्यापाशी बसायची. आता तिची स्टेडियममधली खुर्ची तुझीच.

एक विचारायचं राहिलं. मे महिन्यात तिला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं होती. मी तुला म्हटलं, "जेव." तू म्हणालास, "नको." आणि चार तास गाडी हाकत उपाशी घरी गेलास. पोट बिघडलं होतं का?

तुझा मेहुणा,
ऑक्टेव्ह


विरोक्वा, २५ सप्टेंबर

प्रिय ऑक्टेव्ह,

पत्र मिळालं. अक्षर लागलं.

पोट ठीक होतं.

सामन्याचं म्हणशील तर नको, माझ्यासाठी उगाच त्रास घेऊ नकोस. तुझ्यामागे आधीच कितीतरी व्याप आहेत. तिला शब्द दिलास म्हणून तुला माझी सोय बघावी लागावी, हे काही बरं नाही. आर्लिसला सगळ्यांची काळजी करायची सवय होती. तिकीट घरातल्या कुणालातरी दे. तुझा जावई रॉन जाईल.

शिवाय हंड्यापाशी कोण बसणार? तुम्ही सगळे आत गेल्यावर बाहेर कुणीतरी लागतंच. ढवळलं नाही तर बुया बुडाला लागतो.

इकडे सगळं ठीक. मका काढून झाला. मी दरवर्षी आणतो त्या पिंपाच्या शेगडीचा एक पाय गंजला होता, तो कापून नवा जोडला. वरची जाळीही बदलली. आता तिच्यावर दुप्पट सॉसेज मावतील. सहज केलं, हाताशी वेळ होता.

मेपलखाली वारा अजून उत्तरेकडूनच येतो का? शेजाऱ्यांनी मधे कुंपण घातलं असं आर्लिस मागे म्हणाली होती. त्यावर शेगडीचं तोंड कुठे करायचं ते ठरतं. सहज विचारतोय.

पामर


ग्रीन बे, ६ ऑक्टोबर

प्रिय पामर,

कसला त्रास आणि कसले व्याप! मी दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्याच्या कुत्र्याशी बोलतो. हंड्याची चिंता सोड. जॅडिन बाई खिडकीतून लक्ष ठेवतील.

कुंपण आहे. वारा उत्तरेकडूनच येतो. तो कुठे जाणार?

रविवारी गॅरेजमध्ये बुया करून पाहिला. कोंबड्या, बैलाचं शेपूट, कोबी, गाजर, वाटाणे, सगळं तिच्यासारखंच घातलं. पहाटेपासून शिजवलं. झाला काय, तर भांडी धुतलेलं पाणी. इव्हेटने एक चमचा तोंडात घेतला आणि म्हणाली, "बाबा, कोंबडी यातून नुसती चालत गेली का?" नवरा मिल्वॉकीचा केल्यापासून पोरीची जीभ फार चालते. हाडं किती वेळ ठेवायची, तुला काही आठवतंय का? आर्लिस मला झाकण उघडू द्यायची नाही.

पामर, तू येतोस की नाही ते एकदा नीट सांग. आम्ही बेल्जियन माणसं, आम्हाला सरळ बोललेलं कळतं. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. तिकिटाचं इव्हेटला सांगावं लागेल. मला तरी वाटतं तू यावंस.

ऑक्टेव्ह


विरोक्वा, २० ऑक्टोबर

प्रिय ऑक्टेव्ह,

हाडं आदल्या रात्रीच चढवायची. ती शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मंद आचेवर ठेवायची आणि सकाळी काढून टाकायची. भाज्या मागाहून, आणि वाटाणे अगदी शेवटी. मीठ अर्धंच घालायचं, कारण दिवसभर आटतं. लिंबू विसरू नकोस. झाकण ती मलाही उघडू द्यायची नाही, पण मी शेजारीच बसलेला असायचो.

बाकी, यंदा राहू दे. तुम्ही घरचे सगळे मिळून करा. ऐकू न येणारा म्हातारा मधे असला की सगळ्यांना सगळं दोनदा बोलावं लागतं. माझा हिशेब धरू नकोस.

जॅडिन बाई खिडकीतून लक्ष ठेवतील म्हणतोस. खिडकीतून ढवळता येत नाही.

वेस्टबीच्या खाटकाकडे गेलो होतो. त्याच्याकडे ताजी सॉसेज जास्तीची होती, तेव्हा थोडी घेतली आणि बर्फात ठेवली. आतून लोकर लावलेले बूट स्वस्तात मिळाले, तेही घेतले. जुन्यात पाय गारठायचे.

या पत्राला सवडीने उत्तर दे. घाई नाही. मी इथेच आहे.

पामर


ग्रीन बे, २ नोव्हेंबर

प्रिय पामर,

ठीक आहे. समजलं.

दोनदा विचारलं, दोनदा तू नाही म्हणालास. तुझ्या वयाच्या माणसाला मी ओढून थोडाच आणणार? खरं सांगायचं तर पहिल्या पत्रानंतर वाटलं, तुला ती जागा बघवणार नसेल. ती नाही, आणि खुर्ची तशीच. मलाही धास्ती आहेच. तेव्हा आता यावर बोलणं नको. तुझ्या मनासारखं होऊ दे.

तिकीट रॉनला दिलं. तो इतका खूश झाला की गॅसची शेगडी विकत घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, "गॅसवर भाजलेलं सॉसेज मी कुत्र्यालाही घालणार नाही." त्यावरून आठवलं. तू येत नाहीसच, तर तुझी पिंपाची शेगडी एवढ्या दिवसापुरती देशील का? रॉन पंधरा तारखेला कामासाठी ला क्रॉसला येतोय. तिथून तुझ्याकडे येऊन ट्रकमध्ये घालून आणेल. सामना झाला की परत करू.

लिंबाचं बरं सांगितलंस. लिंबू राहिलंच होतं.

ऑक्टेव्ह


विरोक्वा, ८ नोव्हेंबर

प्रिय ऑक्टेव्ह,

रॉनला येऊ दे. शेगडी छपरीत ताडपत्रीखाली आहे. डाव्या पायाखाली वीट लागते. सॉसेजही त्याला घेऊन जाऊ दे, इथे कोण खाणार?

परत करायची घाई नाही.

पामर


ग्रीन बे, ९ डिसेंबर

प्रिय पामर,

हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहायला घेतलंय. आधी सामन्याच्या दिवसाचं सांगतो. बाकीचं त्यातूनच येईल.

शनिवारी रात्री हाडं चढवली, तू सांगितलंस तशी. पहाटे अंधारातच हंडा जॅडिन बाईंकडे नेला. शेगडी मांडली, वीट लावली. तोंड कुंपणाकडे केलं. सकाळी सगळे जमले. बुया चांगला झाला. तिच्यासारखा नाही, पण लोकांनी परत परत मागून खाल्ला. शिकागोची दोन माणसं रस्ता चुकून अंगणात आली. त्यांनाही वाडगे दिले. त्यांच्या टोप्या बघून जॅडिन बाई दारातून ओरडल्या, "त्यांना वाटाणे कमी घाला!"

ओरडल्या खऱ्या, पण त्यांना खोकला झाला होता आणि मुलीने त्यांना बाहेर पाऊल टाकू दिलं नाही. आत जायची वेळ झाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. हंड्यापाशी कोण बसणार? तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस. मी माझं तिकीट रॉनच्या मित्राला दिलं आणि आर्लिसच्या खुर्चीत बसलो.

पामर, इतकी वर्षं मला वाटायचं, ती मजेत असेल. रेडिओ आहे, शेकोटी आहे, चार बायका येऊन बोलत असतील. कुणीही येत नाही. गल्ली रिकामी होते, सगळे आत असतात. रेडिओवरचा माणूस अजून चेंडू कुणाकडे आहे ते सांगत असतो, तोवर स्टेडियममधून आरडाओरडा होऊन गेलेला असतो. काय झालं ते आधी कळतं, कसं झालं ते मागून. मी ढवळत होतो. पाठीला थंडी लागत होती आणि तोंडाला धग. मधेच एकदा वाटलं, ती मागे उभी आहे आणि म्हणतेय, "झाकण ठेव."

सामना संपल्यावर सगळे बाहेर आले, हसतखिदळत. रॉनने तुझी सॉसेज भाजायला घेतली. वर्तमानपत्रात बांधलेली होती. भाजता भाजता तो इव्हेटला म्हणाला, "तुझे मामा विचित्रच आहेत. मी शेगडी न्यायला गेलो तर दाराशी यांचा हिरवा कोट ब्रश मारून टांगलेला, त्यावर आपल्या संघाचा पिवळा मफलर. खाली नवे बूट. थर्मास धुऊन पालथा घातलेला. मी विचारलं, कुठे जाताय का? तर म्हणाले, नाही. मग मला कॉफी विचारली."

इव्हेटचा हात थांबला. म्हणाली, "बाबा, तुम्ही मामाला किती वेळा विचारलंत?"

मी म्हटलं, "दोनदा. दोन्ही वेळा नाही म्हणाला. स्पष्ट."

ती सगळ्यांसमोर रडायला लागली. मला काही कळेना. रॉनलाही कळेना, तो चिमटा हातात धरून उभा. मग ती म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारायचं असतं, बाबा! आईच्या माहेरी पहिल्यांदा कुणीच हो म्हणत नाही." लहानपणी ती विरोक्वाला आली होती, ती गोष्ट तिने सांगितली. तुझ्या आईने बशी पुढे केली आणि इव्हेटने पटकन बिस्कीट उचललं. घरी येताना आर्लिसने गाडीत तिला रागावलं होतं: दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अगदी लहानसं. पोरगी म्हणाली, "आई दर वर्षी मामाला तीन पत्रं पाठवायची. सप्टेंबरात, ऑक्टोबरात, नोव्हेंबरात. तिसऱ्याला तो हो म्हणायचा."

ती पत्रं पोस्टात मीच टाकायचो. वर कुरकुरही करायचो, की बहीणभावांना एवढं काय लिहायचं असतं. पाकिटात एकच प्रश्न असायचा, हे मला कधी समजलं नाही. आमच्यात नाही म्हणजे नाही. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं. मी तुला मान देत होतो, पामर. तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून गप्प बसलो. आणि वर शेगडी मागितली.

मला माफ कर असं लिहिलं होतं आणि खोडलं. आता विचारतो, उशिरा का होईना. पुढच्या डिसेंबरात ये. रॉन तुला घ्यायला येईल. तुला गाडी चालवायची गरज नाही.

शेगडी माझ्या गॅरेजमध्ये आहे. राख गुलाबांत ओतली नाही.

ऑक्टेव्ह


विरोक्वा, १८ डिसेंबर

प्रिय ऑक्टेव्ह,

तुझं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं, मग उत्तर लिहायला घेतलं.

तू काही चुकीचं केलं नाहीस. तुझ्यासारखा सरळ माणूस सरळच वागणार. मलाच एकदा हो म्हणता आलं असतं. त्या दोन्ही पत्रांना उत्तर लिहायला बसून पाहिलं. हात हो लिहीना. आमच्या घरात पहिल्याच बोलावण्याला हो म्हणणारा माणूस हावरा समजतात. आता ते घर राहिलं नाही आणि समजणारंही कुणी उरलं नाही, तरी हात तसाच वळतो. आर्लिसला हे कधी सांगावं लागलं नाही. तुझी सरळ रीत आणि माझी आडवळणाची, दोन्ही ती न सांगता सांभाळून घ्यायची.

पहिल्या पत्रात तू लिहिलंस, शब्द दिलाय म्हणून बोलावतोय. ते थोडं लागलं. पण दुसऱ्यात लिहिलंस, मला वाटतं तू यावंस. तेव्हा ठरवलं, तिसरं पत्र आलं की हो लिहायचं. नोव्हेंबरात पत्र आलं. टपालपेटीपाशीच उभं राहून वाचलं. शेगडीचं वाचून वाटलं, तू मला खरंच मोकळं केलंस. मग आता मागे जाऊन काय सांगायचं?

तिसऱ्या पत्राला काय लिहायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, ते सांगतो. येतो, पण तिकीट नको, असं लिहिणार होतो. तू आणि रॉन आत जा, हंड्यापाशी मी बसतो. दरवर्षी मी तिच्या तिकिटावर तिच्या खुर्चीत आत बसायचो, आणि ती बाहेर. यंदा तिच्या जागी बसावं असं मनात होतं. मला रेडिओ ऐकू येत नाही, तेव्हा तशी ती जागा माझ्यासारख्यालाच बरी. तू बाहेर आलास की गरम वाडगा तुझ्या हातात द्यायचा होता. ती द्यायची तसा.

तू तिथे बसलास हे वाचून बरं वाटलं. कुणी येत नाही हेही तुला कळलं. दोघं बसलो असतो तर जागा पुरली असती. खुंट्यांच्या पेटीवर मी बसलो असतो.

आता पुढच्या डिसेंबरचं. ऑक्टेव्ह, या वेळी मी सरळ लिहितो, तुमच्यासारखं. नाही. हे 'नाही' खरंखुरं आहे. पुन्हा विचारू नकोस.

माझ्या डोळ्यांत मधोमध काळं आलंय. कडेचं दिसतं. तू समोर उभा राहिलास तर तुझे कान स्वच्छ दिसतील, तोंड पुसट. डॉक्टर म्हणतात की हे वाढतच जाणार. जानेवारीत गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासतात. मी जाणारच नाहीये. त्यांनी सांगायच्या आत ट्रक विकला. तो ग्रीन बेच्या एवढ्या एका खेपेसाठी ठेवला होता. वसंतात वेस्टबीच्या वृद्धाश्रमात जाईन. खोली बघून आलो, खिडकीतून चर्च दिसतं म्हणतात. रॉन चांगला मुलगा आहे. तो नेईलही मला, पण मग गर्दीत कुणीतरी हाताला धरून फिरवायचं, वाडगा हातात द्यायचा, सामना कोणी जिंकला ते कानात ओरडायचं. तिच्या हंड्यापाशी मला तसं जायचं नाही. मला ते एकदा नीट बघायचं होतं. धूर, मेपल, तुमची तोंडं. यंदा अजून दिसत होतं.

शेगडी ठेवून घे. जाळीला तेल लावत जा. इव्हेटला सांग, रडू नकोस, तिने त्या दिवशी बिस्कीट घेतलं ते माझ्या आईला आवडलं होतं. आई नंतर कितीदा तरी ते सांगून हसायची.

त्या रविवारी इकडे बर्फ पडला नाही. ऊन होतं, रस्ता दिवसभर कोरडा होता. सकाळी मी कोट घालून फाटकापर्यंत गेलो आणि बराच वेळ तिथे उभा राहिलो. मग घरात येऊन कोट काढून ठेवला.

पामर